चॅरिटी शॉपमधला हॅरिस ट्वीडचा कोट आणि इतर तीन जुन्या वस्तू : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑक्टोबरात एडिंबराच्या स्टॉकब्रिज भागातल्या रेबर्न प्लेस या रस्त्यावरच्या एका चॅरिटी शॉपमधून मी हॅरिस ट्वीड या जाड लोकरी कापडाचा एक जुना पुरुषी कोट १८ पौंडांना विकत घेतला. त्यानंतरच्या काही आठवड्यांत अशाच दुकानांतून ‘सेंट मायकल’ लेबलचे लोकरी कार्डिगन, चामड्याची हँडबॅग आणि एक ब्रोच घेतला. या चारही वस्तू कपाटात शोभेसाठी न ठेवता मी संपूर्ण हिवाळा आणि त्यानंतरचा पावसाळी उन्हाळा वापरल्या, म्हणून त्यांच्याविषयी आता खात्रीने लिहिता येते.

साताऱ्याला आमच्या घरी जुने कपडे बोहारणीला जात आणि त्यांच्या बदल्यात भांडी येत; कपडे घरातून बाहेर जात, बाहेरचे वापरलेले कपडे आत येत नसत. दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेला कोट घालण्याचा संकोच मलाही होता. इथली चॅरिटी शॉप्स लोकांनी दान केलेल्या वस्तू विकून आलेले पैसे संस्थेच्या कामासाठी वापरतात, आणि दान देणारा करदाता असून त्याने तसे लिहून दिले असेल तर विक्रीच्या प्रत्येक पौंडामागे सरकारकडून आणखी २५ पेन्स संस्थेला मिळतात, हे कळल्यावर तो संकोच बराच कमी झाला. उरलेला त्या कोटानेच घालवला.

हॅरिस ट्वीड हे नाव कोणत्याही जाड लोकरी कापडाला लावता येत नाही. १९९३ च्या कायद्यानुसार ते कापड स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवर रंगवलेल्या आणि कातलेल्या शुद्ध लोकरीचे असावे लागते आणि तिथल्याच रहिवाशांनी ते आपापल्या घरी हातमागावर विणलेले असावे लागते. गोलावर क्रूस असलेला त्याचा शिक्का त्याहून कितीतरी जुना, विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे. माझा कोट लांबून तपकिरी दिसतो, पण खिडकीपाशी धरला की त्यात शेवाळी, गेरू आणि निळा असे तिन्ही रंग वेगवेगळे दिसतात. आपल्या धूपछाव लुगड्यात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. इथे मात्र लोकर कातण्याआधीच रंगवलेली असल्यामुळे एकेका धाग्यातच अनेक रंग मिसळलेले असतात. या शहरात छत्री उलटी करणारा वारा आणि बारीक पाऊस बहुधा एकत्रच येतात. अशा पावसात अर्धा तास चालूनही आतला सदरा कोरडा राहिल्याचे मी अनेकदा अनुभवले आहे. मुसळधार पावसात मात्र कोट जड होतो आणि वाळायला दीड दिवस लागतो.

कोट निवडताना मी सर्वप्रथम तो उलटा केला, आणि माझ्या मते जुन्या कपड्याची खरी परीक्षा तिथेच होते. शिवणीत सोडलेली माया बोटभर रुंद होती, त्यामुळे शिंप्याला कंबर आणि बाह्या माझ्या मापाच्या करता आल्या. खांदे मात्र आधीच बरोबर बसत होते. ते बसत नसते तर मी तो घेतलाच नसता, कारण खांदा उसवून पुन्हा बसवण्याची मजुरी कोटाच्या किमतीपेक्षा जास्त होते. काखेजवळचे अस्तर जानेवारीत फाटले आणि मी ते घरीच हाताने शिवले. पुढे एका लॉन्ड्रीने चामड्याची बटणे न झाकता कोट ड्रायक्लीन केला आणि दोन बटणांना भेगा पडल्या. तेव्हापासून मी कोट ब्रशने झाडते, मोकळ्या हवेत टांगते, आणि धुलाईला क्वचितच देते.

कार्डिगन ६ पौंडांचे. ‘सेंट मायकल’ हे मार्क्स अँड स्पेन्सर या ब्रिटिश दुकानसाखळीचे स्वतःचे नाव होते, १९२८ ते २०००. त्यामुळे ते लेबल असलेला कपडा किमान पाव शतक जुना आहे एवढे निश्चित समजावे. आत वूलमार्कचे, म्हणजे शुद्ध लोकरीची खूण असलेले, चिन्ह असेल तर तो १९६४ नंतरचा. लेबलावरच्या मापाच्या आकड्यावर मात्र विसंबू नये. हल्ली मला १० मापाचा कपडा होतो, आणि हे १४ मापाचे कार्डिगन अंगाला अगदी बेताचे बसते, म्हणून पिशवीत माप घ्यायची टेप ठेवावी. विणीतली दोन बारीक भोके दुकानात माझ्या नजरेतून निसटली आणि घरी आणल्यावर कळले की ती कसरीची होती. कार्डिगन पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर ठेवले, नंतर भोके रफू केली. त्यानंतर नवे भोक पडलेले नाही. आता कोणतीही लोकरी वस्तू या उपायाशिवाय मी कपाटात ठेवत नाही.

हँडबॅगेचे १२ पौंड वाया गेले असे मी स्पष्टच सांगते. बाहेरचे चामडे उत्तम आहे, शिलाई भक्कम आहे, पण आतला प्लास्टिकचा मुलामा दिलेला कप्पा तीन महिन्यांत चिकट होऊन सुटू लागला आणि त्याची भुकटी वह्यांना लागली. लोकर, सूत, चामडे, धातू यांचा जुनेपणा दुरुस्तीने सांभाळता येतो. रबर, फोम आणि असा मुलामा एकदा विरघळू लागला की इलाज उरत नाही. त्यामुळे बॅग घेताना आत हात घालून अस्तर चोळून पाहावे, आणि बोटांना किंचितही चिकटपणा जाणवला तर ती परत ठेवावी.

३ पौंडांच्या ब्रोचविषयी तक्रार नाही. जाड ट्वीडवर त्याची टाचणी पक्की बसते आणि रेशमी स्कार्फवर मी तो लावत नाही, कारण भोक मोठे राहते.

या आठवड्यात कोटाच्या उजव्या कोपरावर कापड विरळ झालेले दिसले. शिंप्याने चामड्याचे ठिगळ सुचवले आहे, आणि दोन्ही कोपरांना एकाच रंगाचे लावायचे म्हणून मी येत्या शनिवारी जुन्या चामड्याचा तुकडा शोधायला एडिंबराच्याच मॉर्निंगसाइड भागातल्या दुकानांत जाणार आहे.