शुभंकरांचा ऑनलाइन वर्ग: घरापुरता उत्तम, जगाच्या बाबतीत भाबडा

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. त्याच्या डॉक्टरांनी सुचवलं म्हणून शुभंकरांसाठीचा, म्हणजे आजारी माणसाची काळजी घेणाऱ्या नातेवाइकांसाठीचा, हा वर्ग मी केला. आजार म्हणजे काय, औषधं कशी काम करतात, हे सुरुवातीचे भाग ठीकठाक. ज्यांच्या घरात हे नव्यानं आलंय त्यांना उपयोगी, मुरलेल्या शुभंकरांनी हातातली कामं उरकत ऐकले तरी चालतील.

खरा ऐवज आहे तो घरातल्या बोलण्यावरच्या भागात. शिकवणाऱ्या बाई स्वतः एका शुभार्थीची (म्हणजे मानसिक आजार असलेल्याची) आई. घरातला प्रसंग वठवून बघायला त्यांनी मला भाऊ केलं आणि गटातल्या एका काकांना त्याची ताई. काका सुरू झाले, "गोळी घेतलीस? खरंच घेतलीस? तोंड उघड बघू." तिसऱ्या वाक्याला माझा हात कॅमेरा बंद करायच्या बटणावर गेला. मग बाईंनी तोच प्रसंग करून दाखवला: "गोळीची वेळ झाली. आत्ता घेतोस की अंघोळ झाल्यावर?" एवढं विचारायचं आणि गप्प बसायचं. (हे गप्प बसणंच महाकठीण!) कौतुकाचंही तेच. "आज छान दिसतोयस" पेक्षा "आज स्वतःहून दाढी केलीस, बरं वाटलं मला" हे त्याच्यापर्यंत पोचतं.

यामागचं संशोधन बाईंनी नीट समजावलं. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि सहकाऱ्यांना १९५८ मध्ये असं दिसलं, की रुग्णालयातून सुटून आई-वडिलांकडे किंवा बायकोकडे गेलेले पुरुष भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहिलेल्यांपेक्षा जास्त प्रमाणात पुन्हा बिघडले. पुढे घरातली टीका, राग आणि अति गुंतणं मोजायच्या पद्धती आल्या. अशा तापलेल्या घरात आठवड्याला ३५ तासांहून जास्त समोरासमोर वावर असेल तर धोका वाढतो, असं १९७६ च्या अभ्यासात आढळलं. हे ऐकून गटातल्या आयांचे चेहरे पडले. घरच्यांमुळे आजार होत नाही, हे बाईंनी तिथल्या तिथे ठणकावून सांगितलं ते बरं केलं.

माझी तक्रार आहे ती 'जगभरातली कुटुंबं' या आधीच रेकॉर्ड केलेल्या भागाबद्दल. सगळा सूर असा, की पूर्वेकडची मोठी कुटुंबं मायाळू आणि पश्चिमेकडची तुटक. चंडीगढच्या अभ्यासात लंडनपेक्षा टीका करणारे नातेवाईक कमी आढळले, हे खरंच आहे. पण जपानमध्ये १९०० च्या कायद्यानं रुग्णाला घरातच कोंडून ठेवायची रीतसर परवानगी होती आणि ती १९५० पर्यंत टिकली, याचा उल्लेखही नाही! कोंडणारे घरचेच होते. उलट बेल्जियममधल्या गेल गावात शतकानुशतकं लोक अनोळखी रुग्णांना आपल्या घरात ठेवून घेतात; १९३० च्या दशकाच्या अखेरीस तिथे असे साडेतीन हजारांवर लोक राहत होते. गेलला या भागात जेमतेम दोन वाक्यं मिळाली. मला तर तिथेच थांबून ऐकायचं होतं. ज्याच्याकडून लग्न-नोकरीच्या अपेक्षा ठेवलेल्याच नाहीत, त्याच्याशी बोलताना आवाज आपसूक खाली राहत असेल का? भाड्याच्या खोलीतल्या त्या पुरुषांशी याचा काही संबंध लागतो का? बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "चर्चेसारखा मुद्दा आहे," आणि वेळ संपली.

भावंडांसाठी वेगळा तास हवाच होता. 'आई-वडिलांनंतर कोण?' हा प्रश्न निरोपाच्या गडबडीत उरकला, आणि गटातले अर्धे लोक त्याचसाठी आलेले.

शेवटी मिळणारा संकटकाळचा तक्ता मात्र झकास: औषधांची नावं आणि मात्रा, डॉक्टरांचा नंबर, बिघडायच्या आधीची लक्षणं, त्या वेळी घरात कोणी बोलायचं आणि कोणी बाहेर थांबायचं. लक्षणांचा रकाना शुभार्थी बरा असताना त्याच्याकडूनच भरून घ्यायचा असतो. आमच्याकडे त्यानं पहिलं लक्षण लिहिलं, "ताई फार हळू आवाजात बोलायला लागते."

वर्गाचं रेकॉर्डिंग नंतर मिळत नाही, वही जवळ ठेवा. आणि जमलं तर घरातल्या दोघांनी मिळून करा. एकट्यानं शिकून आलेल्याचं बाकीचे ऐकत नाहीत.