जुनिपर की अलेक्झांडर? ओकालाच्या जंगलात झऱ्याकाठी मुक्काम करणाऱ्या सोलापूरकरांसाठी

कंबर तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत दरवर्षी कुणी ना कुणी फ्लोरिडाला जाऊन येतं. कुणाचा मुलगा ऑरलँडोत, कुणाची मुलगी टँपाला. डिस्ने बघून होतं, समुद्र बघून होतो आणि मग मुलं म्हणतात, "बाबा, दोन रात्री जंगलात तंबू टाकू या." तिथून ओकाला नॅशनल फॉरेस्टचा विषय निघतो आणि जुनिपर स्प्रिंग्ज की अलेक्झांडर स्प्रिंग्ज, हा प्रश्न माझ्याकडे येतो. दोन्हीकडे आम्ही राहिलो आहोत. तंबू, गाद्या, शेगडी हे सगळं मुलं बघतातच, त्यामुळे त्याबद्दल लिहीत नाही. आई-वडील, मुलं आणि नातवंडं अशा आपल्या घरातल्या माणसांना कुठे बरं वाटेल, एवढंच बघू.

त्या जंगलात आणखीही झरे आहेत. सॉल्ट स्प्रिंग्जला विजेची जोडणी मिळते, म्हणून तिथे मोठमोठ्या घरगाड्या उतरतात. आणि नावाप्रमाणे पाणी थोडं मचूळ आहे. सिल्व्हर ग्लेन फार देखणा, पण तिथे मुक्कामाची सोय नाही. गोडं पाणी, झाडी आणि तंबू हे तिन्ही एकत्र हवं असेल तर माझ्या मते निवड या दोघांतच करावी.

जंगल म्हटल्यावर कोयनेची गर्द झाडी डोळ्यांपुढे आणू नका. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडचं हे सर्वांत जुनं राष्ट्रीय वन, १९०८ सालचं. पण त्याचा बराच भाग म्हणजे पांढऱ्या वाळूचा माळ. सँड पाइनची किडकिडीत झाडं, गुडघ्या-कमरेएवढे ओक, मध्ये उघडी वाळू. नान्नजच्या माळरानावर हिंडलेल्या माणसाला हा कोरडेपणा ओळखीचा वाटतो. गाडी त्यातून बराच वेळ जाते आणि झरा जवळ आला की एकदम हवा बदलते. ताडासारखे उंच सेबल पाम, त्यांच्यामध्ये पसरलेले मोठे ओक, फांद्यांवरून लोंबणारं करडं स्पॅनिश मॉस, खाली नेचे आणि ओल. उपोष्ण प्रदेशातलं जंगल म्हणतात ते हे, आणि ते पाण्याभोवती एवढंच असतं.

इतक्या कोरड्या माळात पाणी कुठून येतं, हे मी तिथे गेल्यावर आधी समजून घेतलं, कारण आपल्याला तोच प्रश्न पडतो. तिथे पाऊस आपल्या दुपटीच्या आसपास पडतो. वाळू त्याला वाहून जाऊ देत नाही, सरळ खाली जिरवते. खाली चुनखडक आहे. लाखो वर्षं पाण्याने विरघळून त्यात पोकळ्या आणि भुयारं झाली आहेत आणि ती पाण्याने भरलेली आहेत. दाब असेल आणि वर यायला वाट मिळाली, की पाणी जमिनीतून उसळून बाहेर पडतं. आपल्या पायाखाली काळा पाषाण. त्याच्या भेगांत आणि मुरमाड थरांत मावेल तेवढंच पाणी, म्हणून मार्च उलटला की विहिरी तळ दाखवू लागतात. अलेक्झांडर तिकडच्या मोजणीत पहिल्या श्रेणीचा झरा आहे. त्या श्रेणीची अट सेकंदाला किमान १०० घनफूट, म्हणजे दिवसाला साधारण २४ कोटी लिटर पाणी. घरच्या नळाला काही दिवसांआड पाणी येतं अशा गावातून गेलेला माणूस त्या काठावर बराच वेळ नुसता उभा राहतो. मी तरी राहिलो.

जुनिपर त्या मानाने लहान, दुसऱ्या श्रेणीतला. पण लहान म्हणून त्याला कमी लेखू नका. १९३०च्या दशकातल्या मंदीत तिकडच्या सरकारने बेकार तरुणांना कामं देण्यासाठी सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअर नावाची योजना काढली होती. त्या मुलांनी जुनिपरचं कुंड दगडांनी बांधून काढलं. आपल्याकडे १९७२च्या दुष्काळात रोजगार हमीवर पाझर तलाव झाले, ते पाहिलेल्या पिढीला या कामाची किंमत वेगळी सांगायला नको. कुंडाच्या तोंडाशी त्यांनीच उभारलेलं पाणचक्कीचं घर आहे. एकेकाळी त्या चक्कीवर मुक्कामाच्या जागेला लागणारी वीज तयार व्हायची. कुंड गोल, काठ बांधीव, उतरायला पायऱ्या, भोवती दाट सावली. जुन्या बारवेसारखं ते माणसाने घडवलेलं आणि तरीही जिवंत वाटतं. फोटो बघून कुणीही जुनिपरच निवडेल, आणि त्यात काही चूक आहे असं मी म्हणणार नाही.

जुनिपरची दुसरी मोठी बाजू म्हणजे फर्न हॅमक. मुक्कामाच्या जागेपासून थोडं चालून गेलं की लाकडी पूल लागतो आणि पुलाखाली हा झरा. इथे पाण्यात उतरायला मनाई आहे, आणि ते फार बरं आहे. तळाची वाळू पांढरीशुभ्र, पाणी निळसर हिरवं, इतकं नितळ की खोलीचा अंदाज येत नाही. त्या वाळूतून जागोजागी पाणी वर येतं आणि वाळूचे गोल गोल बुडबुडे सतत वर उसळून बाजूला पसरतात. एक शांत होतो तोवर शेजारी दुसरा जोर धरतो. सकाळी उन्हाची तिरीप पाण्यात उतरते तेव्हा तर तिथून हलवत नाही. ओकालात मला सर्वांत आवडलेली एकच जागा सांगा म्हटलं तर मी फर्न हॅमकचं नाव घेईन. तरी मुक्कामासाठी मी अलेक्झांडर सुचवतो, त्याचं कारण पुढे येतं.

तरुण मंडळींसाठी जुनिपरला आणखी एक आकर्षण आहे. कुंडातून निघालेल्या ओढ्यातून सुमारे ११ किलोमीटरचा होडीचा प्रवास करता येतो. ओढा अरुंद, वळणं अवघड, आडवी पडलेली झाडं, कुठे वाकून तर कुठे होडी वळवून पुढे जायचं. अर्धा दिवस त्यातच जातो आणि मध्येच थांबून परत फिरता येत नाही. माझ्या जावयाला तो फार भावला. साठी ओलांडलेल्यांनी मात्र आधी पाठीला आणि खांद्यांना विचारून घ्यावं. अलेक्झांडरचा प्रवाह रुंद आणि संथ आहे; तिथे होडीत बसून बगळे, कासवं बघत निवांत जाता येतं.

आता माझा निर्णय ज्याने झाला ती गोष्ट. दोन्ही झऱ्यांचं पाणी बारा महिने साधारण २२ अंशांवर असतं. जमिनीच्या पोटातून येत असल्यामुळे उन्हाळा-हिवाळा त्याला फारसा लागत नाही. ऐकायला हा आकडा सुखाचा वाटतो. पण दुपारच्या उन्हातून जाऊन अंगावर घेतलं की हे पाणी चांगलंच गार लागतं, श्वास अडकतो. जुनिपरला पायऱ्या उतरल्या की दोन-तीन पावलांत पाणी पोटाला लागतं. जे उडी मारतात त्यांचा प्रश्न नाही. विहिरीत पोहायला शिकलेल्या आपल्या लोकांना तर काठ दिसला की उडीच सुचते. पण आमच्या हिला पोहता येत नाही, गुडघेही धरलेले. ओल्या दगडी पायऱ्या, आधाराला नातवाचा हात, वरून गार पाण्याचा तो पहिला झटका. ती एक पायरी उतरली आणि परत काठावर जाऊन बसली. आम्ही राहिलो तोवर जुनिपरला ती काठावरच होती. टॉवेल सांभाळत होती, नातवंडांच्या चपला जोडीने लावून ठेवत होती. काठावर असे आणखीही आजी-आजोबा बसलेले होते, निरनिराळ्या देशांतले. एवढ्या लांब, एवढ्या पाण्यापाशी येऊन ती कोरडी राहिली, हे मला बोचत राहिलं. कुंड बांधणाऱ्यांनी ते सुंदरच बांधलं आहे. फक्त ते ज्याला धड उतरता येतं त्याचं आहे.

अलेक्झांडरला बांधीव काठ नाहीच. वाळूचा रुंद उतार पाण्यात जातो आणि हळूहळू खोल होत जातो. झऱ्याचं तोंड बरंच आत आणि खोल आहे, त्यावर पाण्याचा रंग गडद होतो, त्यामुळे कुठवर जायचं ते डोळ्यांनाच कळतं. इथे आधी घोटे भिजवायचे, मग उभं राहायचं. अंगाला सवय झाली की गुडघ्यापर्यंत, मग मांडीपर्यंत. कुणी घाई करत नाही आणि पायाखाली निसरडं काही नाही. इथे ही आपली आपण कमरेएवढ्या पाण्यात गेली, पंजाबी ड्रेस भिजू दिला आणि पायाजवळून जाणारे मासे नातीला दाखवत तासभर उभी राहिली. माझी तुलना खरं तर तिथेच संपली. तुमच्या घरी सगळे धडधाकट असतील तर हा मुद्दा तुम्हाला फार मोठा वाटणार नाही, हे मी मान्य करतो.

अलेक्झांडरच्या बाजूला काही उणिवाही आहेत. वाळूचा काठ उघडा आहे, दुपारी ऊन चांगलंच लागतं. जुनिपरची गार सावली इथे पाण्यापाशी मिळत नाही. स्कूबाला, म्हणजे टाकीतली हवा घेत पाण्याखाली पोहायला, परवानगी असल्याने शनिवार-रविवारी पाठीवर टाक्या बांधलेले शिकाऊ लोक घोळक्याने येतात. जागा मोठी, त्यामुळे गर्दी विरते खरी. जुनिपरचं लहान कुंड मात्र सुटीच्या दिवशी गच्च भरतं. अलेक्झांडरच्या प्रवाहात अ‍ॅलिगेटर, म्हणजे मगरीसारखे प्राणी, असतात. पोहायची हद्द दोरीने आखलेली असते, तिच्या आत आणि दिवसाउजेडीच पाण्यात राहायचं. त्यांना खाऊ घालणं कायद्याने गुन्हा आहे, हे नातवंडांना आधीच सांगून ठेवा. दोन्ही झरे जंगलाच्या पोटात असल्यामुळे आसपास शेतं आणि वस्ती कमी, त्यामुळे पाण्यात खतांचा नायट्रेट फारसा उतरत नाही. तरी पिण्यासाठी मुक्कामाच्या जागेवरच्या नळाचंच पाणी वापरावं.

रात्रीच्या बाबतीत दोन्हीकडे सारखंच. विजेची जोडणी नाही, अंधार दाट पडतो, तारे मनसोक्त दिसतात. संडास आणि गरम पाण्याच्या अंघोळीची सोय आहे. काळी अस्वलं मात्र भरपूर आहेत आणि त्यांचं नाक तिखट. खायचं काहीही तंबूत ठेवायचं नाही. शेंगाचटणीची पुडी, टूथपेस्ट, साबणसुद्धा झोपताना बंद गाडीत गेला पाहिजे. आपली कडक भाकरी अशा मुक्कामाला फार उपयोगी पडते. तिला बर्फाची पेटी लागत नाही, चुलीवर आमटी केली की चुरून खाता येते, आणि मागे सांडलवंड राहत नाही. जळण दुरून नेऊ नका, तिथल्या जवळच्या दुकानातूनच घ्या. लाकडातून झाडांचे रोग आणि किडे एका जंगलातून दुसऱ्यात जातात.

मुलं आपल्याला बहुतेक मे-जूनमध्ये बोलावतात. तेव्हा तंबूत राहायला जाऊ नका. दमट उकाडा, डास आणि मेअखेरपासून बहुतेक दुपारी विजांसह पाऊस. नोव्हेंबर ते मार्च हा खरा काळ. गड्ड्याची यात्रा सोडून जानेवारीत निघायला आपली माणसं तयार नसतात, तर संक्रांत उरकून फेब्रुवारीत जावं. त्या दिवसांत रात्री कधी कधी पारा पाच अंशांजवळ उतरतो. झोपायच्या पिशवीवर सोलापुरी चादर दुहेरी टाकली की निभतं, फक्त ती दवात बाहेर राहू देऊ नका, सुती असल्याने दिवसभर वाळत नाही. अशा थंड सकाळी हवेपेक्षा झऱ्याचं पाणी गरम असतं आणि त्यावर वाफ तरंगते. गार पाण्याला बिचकणाऱ्या माणसाला पहिल्यांदा उतरवायचं तर तीच वेळ धरा, ऊन थोडं वर आल्यावर.

ऑरलँडोहून अलेक्झांडर जवळ पडतं, ओकाला गावाकडून येणाऱ्यांना जुनिपर. घरात सगळे पोहणारे असतील, होडीची हौस असेल, तर जुनिपरला खुशाल राहा. बरोबर वयस्कर माणसं किंवा अगदी लहान मुलं असतील तर मुक्काम अलेक्झांडरला करावा, असं मला वाटतं. जागा मुलांना काही महिने आधीच ऑनलाइन धरायला सांगा, जमलं तर सोमवार ते गुरुवारच्या मधली. दोन्ही ठिकाणांत गाडीने अर्ध्या तासाच्या आसपासचं अंतर आहे, त्यामुळे एक सकाळ फर्न हॅमकसाठी राखून ठेवता येते. जुनिपरचं दिवसाचं शुल्क वेगळं भरावं लागेल, आणि गर्दीच्या आधी पुलावर पोहोचायचं तर न्याहारी बरोबर बांधून नऊच्या आत निघा.