वूकॉमर्सचा माल टॅलीत नेणारा कनेक्टर, दिवाळी ते अखाजी वापरल्यावर

जळगावला आमचं पापड, बिबडे, कळण्याचं पीठ आणि मसाल्याचं दुकान आहे, ऑनलाइन ऑर्डरी पुणे आणि सुरतच्या जास्त. वेबसाईट वूकॉमर्स या ऑनलाइन दुकानाच्या सॉफ्टवेअरवर, हिशोब टॅलीत, मध्ये वेबसाईटवरचे आयटम आणि विक्री आपोआप टॅलीत नेणारा हा कनेक्टर दिवाळीआधी घेतला, वर्षाचे पैसे आगाऊ भरून. कंपनीचं नाव टाकत नाही. फीचर सगळ्यांना माहिती आहेत. आज लिहितेय कारण ऐन अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) तोंडावर बिबड्यांचा स्टॉक टॅलीत मायनस गेला आणि सपोर्टवाला मलाच विचारतो, ताई तुमचा माल नीट मोजलाय का.

माल मोजलेलाच होता. घोळ नावाचा आहे. हा कनेक्टर आयटम नावावरून ओळखतो, एसकेयूवरून, म्हणजे आपण प्रत्येक मालाला दिलेल्या कोडवरून, नाही! वेबसाईटवर मी 'ज्वारीचे बिबडे' च्या पुढे 'उन्हाळी ताजे' एवढं जोडलं, तर रात्रीच्या सिंकमध्ये टॅलीत नवा स्टॉक आयटम उभा. माल सगळा जुन्या नावात पडलेला, नव्यात ओपनिंग शून्य आणि विक्री मात्र नव्यातून वजा होतेय. एन्ट्री आपोआप येते म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, एक्सेप्शन रिपोर्टमध्ये निगेटिव्ह स्टॉक उघडला तेव्हा कळलं. वर त्या नव्या आयटमला एचएसएनही (जीएसटीसाठीचा मालाचा कोड) रिकामा आणि जीएसटीचा दरही. आमच्याकडे पापडाला शून्य, मसाल्याला 5 टक्के, पॅकिंगची शेव 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 वर आलीय, असे वेगवेगळे दर असताना रिकाम्या दराने बिलं गेली की जीएसटीआर-1 (विक्रीचं जीएसटी रिटर्न) भरताना एकेक शोधत बसा.

नाव तर दुकानदार बदलणारच ना, सण आला, नवा हंगाम आला, की बदलावंच लागतं. एसकेयू असतो तो याच्यासाठीच. हे सपोर्टला इतक्यांदा सांगितलं की शेवटी फोन उचलणारी मुलगी आवाजावरून ओळखायला लागली.

चांगलं ते पण सांगते. आधी मी वेबसाईटवरून सीएसव्ही फाईल काढून एक्सेलमधून माल टाकायचे तेव्हा व्हेरिएबल प्रॉडक्टची (एकच माल, वेगवेगळ्या वजनांत) मूळ ओळ पण आयटम म्हणून यायची, आणि 890 ने सुरू होणारा 13 आकडी बारकोड एक्सेल 8.9ई+12 करून टाकायचं. इथे 200 ग्रॅम, 500 ग्रॅम, 1 किलो नीट वेगळे येतात, बारकोड शाबूत, मराठी नावांची प्रश्नचिन्हं होत नाहीत. गावातल्या बायकांकडून पापड किलोवर येतो आणि आम्ही पाकिटं भरतो, त्याचं मॅन्युफॅक्चरिंग जर्नल (किलोचा माल वजा, पाकिटं जमा अशी एन्ट्री) हातानेच टाकावं लागतं, पण आपण पाकिटं कधी भरली हे सॉफ्टवेअरला कसं कळणार, त्याची तक्रार नाही.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं, तेवढ्यात त्यांचं नवं व्हर्जन आलं. सेटिंगमध्ये एसकेयू टॅलीच्या अलियासशी (आयटमच्या दुसऱ्या नावाशी) जुळवायचा पर्याय दिलाय. सगळ्या आयटमच्या अलियासमध्ये एसकेयू भरले आणि मुद्दाम आमच्या काळ्या मसाल्याचं नाव 'नंदुरबारी मिरचीचा काळा मसाला' करून सिंक मारला. नवा आयटम नाही झाला, विक्री जुन्यातूनच वजा झाली. खरंच बरं वाटलं, दोन स्टार देणार होते ते चार करतेय. जुने डबल झालेले आयटम मात्र ते दुरुस्त करून देत नाहीत, स्टॉक जर्नल टाकून माल एका नावात मीच आणला.

पाचवा स्टार नाही कारण हा पर्याय फक्त मोठ्या प्लॅनमध्ये आहे, मला महिनाभर ट्रायल म्हणून चालू करून दिलाय. दोन रुपयांच्या फरकावर गिऱ्हाईक पापड दुसरीकडून घेतं, त्या धंद्यात मोठा प्लॅन कशातून भरायचा? एसकेयू जुळवणं हे मूळ काम आहे, त्याचे वेगळे पैसे मी देणार नाही असं मेलवर लिहून कळवलंय. छोट्या प्लॅनमध्ये दिलं तर रिन्युअल लगेच भरते. तोपर्यंत नवीन घेणाऱ्यांनी डेमोतच एका प्रॉडक्टचं नाव बदलून सिंक करायला लावा आणि टॅलीत काय होतं ते समोर बघून मगच पैसे द्या.