स्क्रम की कानबान?

सॉफ्टवेअर बनवताना वॉटरफॉल (सगळं आधी ठरवून शेवटी एकदम देणं) सोडायचं ठरलंय, पण पुढे स्क्रम (छोट्या ठरलेल्या मुदतींत काम) घ्यावं की कानबान (फळ्यावरच्या रकान्यांतून कामाची कार्डं सरकवत सलग काम), असं एका टीम लीड मैत्रिणीने विचारलं. सर्टिफिकेट विकणारे काय सांगतात ते सोडून देऊ. दोन्हीकडे वळायचं मूळ कारण एकच: "आम्हाला हे नकोच होतं" हे ग्राहकाकडून वर्षाखेरीस ऐकण्यापेक्षा लवकर कळलेलं बरं.

मीटिंगांच्या हिशेबात स्क्रम महाग. रोजची १५ मिनिटं, शिवाय प्लॅनिंग, रिव्ह्यू, रेट्रो (काम कसं झालं याची टीमची आपसातली चर्चा). महिन्याच्या स्प्रिंटला (स्क्रममधली कामाची एक मुदत) नुसतं प्लॅनिंग ८ तासांपर्यंत जाऊ शकतं. कानबानमध्ये असं ठरलेलं वेळापत्रक नाही.

खरा फरक मधेच आलेल्या कामात दिसतो. स्क्रममध्ये स्प्रिंटचं उद्दिष्ट धोक्यात येईल असा बदल करायचा नसतो. त्यामुळे मंगळवारी पेमेंट अडकलं की प्रॉडक्ट ओनरशी (कोणतं काम आधी हे ठरवणाऱ्याशी) घासाघीस. कानबानमध्ये कार्ड वर सरकवलं की झालं. मात्र 'टेस्टिंग' रकान्यात एका वेळी ३च कार्डं अशी मर्यादा असेल, तर चौथं कार्ड तिथे ढकलता येत नाही. डेव्हलपरने नवं काम उचलण्याऐवजी आधी टेस्टिंगला हात लावायचा. टोयोटाच्या कारखान्यातून आलेली मूळ कल्पना हीच. पुष्कळ टीम ही मर्यादाच लावत नाहीत आणि रंगीत चिठ्ठ्यांना कानबान म्हणतात!

नवं प्रॉडक्ट, नवखी टीम आणि दर दोन आठवड्यांनी डेमो बघायला तयार असलेला ग्राहक असेल तर स्क्रम. सपोर्ट, मेंटेनन्स, रोज नवं तिकीट असेल तर कानबान. मैत्रिणीच्या टीमचं निम्मं काम प्रॉडक्शनच्या बगांचं आहे, म्हणून तिला मी कानबानच सुचवलं.