लव्हाळ्याचं औषध: गुण आला, पण अर्धा ग्रॅम मोजताना घाम फुटला

आमच्या अंगणातलं लॉन ६०० चौरस फूट. तीन वर्षांपूर्वी नर्सरीतून तयार गालिचे आणून अंथरले, आणि त्यांच्या मातीतूनच लव्हाळ्याचं तण घरात शिरलं, असं माझं ठाम मत. पहिल्या पावसात चार काड्या. दुसऱ्या पावसाळ्यात गवत कुठंय ते शोधावं लागायचं. मशीन फिरवलं की दोन दिवस छान, तिसऱ्या दिवशी हा पठ्ठ्या बोटभर वर.

बायका लावून भांगलण केली. काडी हाताला येते, गाठ खालीच राहते. एक उकरावी तर तिच्या दोऱ्याला दुसरी, तिच्यापुढं तिसरी. सासूबाईंनी एक गाठ चुरगाळून नाकाला लावली. "अगं, हा तर नागरमोथा! दिवाळीच्या उटण्यात घालतो तो." वास खरंच उटण्याचा. पण गल्लीला पुरेल एवढं उटणं माझ्याच दारात कशाला?

मग एका दुकानदारानं ग्लायफोसेट दिलं. ते हिरवं दिसेल ते मारतं, हे त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. लॉनमध्ये ताटाएवढे पिवळे गोल पडले.

शेवटी शिरोळच्या भावानं उसातलं औषध सांगितलं: हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल, ७५ टक्के. लव्हाळा मरतो, गवत राहतं. मात्र मात्रा ३६ ग्रॅम, तीही एकराला. म्हणजे माझ्या वाट्याला अर्धा ग्रॅम! चमच्याचं कामच नाही. गुजरीत सराफी दुकान असलेल्या मावसदिरांनी सोनं तोलायचा जुना काटा दिला, "आता हा परत आणू नका, वहिनी" असं बजावून. पाकिटावर ऊस आणि मका आहे, लॉनचा उल्लेख नाही, म्हणून आधी कोपऱ्यात दोन हात जागेवर मारून पंधरा दिवस थांबले. गवत शाबूत राहिलं, तेव्हा सगळीकडं हात घातला. अडीच लिटर पाणी, त्यात थोडं स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रावण), कारण लव्हाळ्याचं पान तुळतुळीत, नुसतं पाणी ओघळून जातं. हातमोजे घातले, पंप तणनाशकाचा वेगळा ठेवला. उघडीप बघून फवारलं, लव्हाळा चार-पाच पानांवर असताना.

पाच दिवस ढिम्म. फसले म्हणून भावाला फोनही झाला. आठव्या दिवशी मधली कोवळी पानं पिवळी दिसली, तिसऱ्या आठवड्यात काड्या तपकिरी होऊन आडव्या. दीड महिन्यानं गाठींना पुन्हा कोंब आले, पण बोटांवर मोजण्याइतके. दुसरा हात मारला. एका फवारणीत नायनाट म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आंबुटीला या औषधानं ढिम्म फरक पडला नाही, ती खुरप्यानंच काढली.

पाचापैकी चार तारे. एक कापला तो पाकिटाच्या आकारासाठी. घरच्या बागेला दोन ग्रॅमची पुडी काढायला काय होतं? उरलेलं सगळं भावाच्या उसाला गेलं. जास्वंदीच्या बुडाशी मात्र फवारायची माझी हिंमत नाही. तिथं अजून रोज सकाळी मी, पाट आणि खुरपं.