थीम पार्क रिसॉर्टचं दोघांचं वार्षिक कार्ड : सगळे ऋतू वापरून झाल्यावर

दोघंच जाणार असाल, पन्नाशीच्या पुढे असाल आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी मोकळे असाल, तर घ्या. रविवारीच जमणार असेल किंवा नातवंडं आल्यावरच जायचं असेल, तर सुटं तिकीट काढा, कार्डाच्या नादी लागू नका. घाईत असाल तर एवढं वाचून थांबलात तरी चालेल.

आम्ही हे कार्ड मागच्या दिवाळीच्या ऑफरमध्ये घेतलं. नागपूरपासून अर्ध्या-पाऊण तासावरचं रिसॉर्ट आहे. एका बाजूला वॉटर पार्क, दुसऱ्या बाजूला पाळणे आणि एक छोटा रोलर कोस्टर, मधे हिरवळ आणि मागे खोल्या. आता कार्डाच्या नूतनीकरणाचे फोन सुरू झालेत, म्हणजे थंडी, ऊन, पाऊस आणि ऑक्टोबरचा उकाडा असं सगळं तिथं अनुभवून झालं. जाहिरातीत भिजून ओरडणारी कॉलेजची पोरं दिसतात. आमच्यासारखे दोघं तिथं दिवसभर काय करतात हे कुणी दाखवत नाही, म्हणून लिहिते.

पैशाचं आधी. जाहिरातीत ठळक छापलेला आकडा कराआधीचा असतो, त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. जानेवारी २०१८ पर्यंत थीम पार्कवर तो २८ टक्के होता, हे काउंटरवरच्या मुलानं अशा थाटात सांगितलं की जणू उरलेले दहा टक्के त्यानंच आम्हाला सोडले. महिन्याआड एखादी चक्कर झाली तरी सुट्या तिकिटांपेक्षा कार्ड स्वस्त पडतं. पण कार्ड न चालणाऱ्या दिवसांची यादी सही करण्याआधी वाचा. शनिवार-रविवार, होळी, ३१ डिसेंबर हे कळण्यासारखं आहे. आमच्या यादीत तान्ह्या पोळ्याची स्थानिक सुट्टीही निघाली.

आमचे हे कोराडीच्या वीज केंद्रात पाण्याच्या विभागात होते. निवृत्त झाले तरी पाणी दिसलं की तपासायची सवय गेली नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी खिशातून क्लोरीन तपासायचं किट काढलं, नमुना भरला, थेंब टाकले आणि पिवळा रंग उन्हात धरून बघत उभे राहिले. जीवरक्षक पोरगा धावत आला, त्याला वाटलं काकांनी पाण्यात काही टाकलं. आता तोच विचारतो, ‘काका, आज किती निघालं?’

या तपासणीतून कळलेलं तुमच्याही कामाचं आहे. पोहण्याच्या पाण्यात मोकळा क्लोरीन लिटरला साधारण एक ते तीन मिलिग्रॅम हवा. उघड्या हौदातला क्लोरीन ऊन झपाट्यानं खातं, त्यामुळे सकाळी घातलेला डोस दुपारपर्यंत पुरत नाही, परत घालावा लागतो. आमच्या ठिकाणी मधल्या वारी सकाळचं पाणी बहुतेक वेळा चांगलं असतं. मे महिन्यात दुपारनंतर, गर्दी उसळली की रंग फिका येतो, म्हणजे क्लोरीन कमी, आणि हे मला बाहेर बोलावतात. अजून एक. नाकाला झोंबणारा वास आला म्हणजे क्लोरीन जास्त झाला असं आपण समजतो. ह्यांच्या म्हणण्याप्रमाणे प्रकार उलटा आहे. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरामाइन तयार होतं, तो वास आणि डोळ्यांची आग त्याची. आत शिरण्याआधी शॉवर घ्या असं पाटीवर लिहिलेलं असतं ते यासाठीच. त्या पाटीशेजारून सगळे कोरडे निघून जातात.

भर उन्हाळ्यात, टँकर फिरत असताना, एवढ्या पाण्यात डुंबायचं मला खटकायचं. हेच पाणी गाळून, क्लोरीन घालून पुन्हा फिरवतात आणि उडून, सांडून जातं तेवढंच नवं भरतात, हे यंत्रघराच्या दारात उभं राहून बघितल्यावर थोडं कमी खटकलं. कोराडीला तर भांडेवाडीचं शुद्ध केलेलं सांडपाणी जातं, असं हे तिथंही ऐकवतातच.

बायकांसाठी कपड्यांचं सविस्तर सांगते, कारण आमच्या वयाच्या निम्म्या जणी त्याच धास्तीनं काठावर बसून राहतात. सुती कपडे, साडी, ओढणी चालत नाही. सुताचे तंतू सुटून गाळणीत अडकतात आणि सैल टोकं घसरगुंडीत अडकायची भीती असते. भाड्यानं कपडे मिळतात, पण ते ओलसर असतात आणि मापाचे नसतात. सीताबर्डीच्या मेन रोडवर पूर्ण बाह्यांचे, गुडघ्याखाली येणारे पोहण्याचे सूट मिळतात, तो एक घ्या आणि निर्धास्त व्हा. मी घेतला तेव्हा ह्यांना हसू आवरत नव्हतं. आता दोघांचे सूट बाल्कनीत शेजारी शेजारी वाळतात, शेजाऱ्यांनाही सवय झाली. कपडे बदलायच्या खोल्या बऱ्या आहेत, खुंट्या मात्र कमी. प्लॅस्टिकची मोठी पिशवी न्या.

आमचा दिवस असा असतो. वाटेत टपरीवर तर्री-पोहे, दहाच्या सुमाराला फाटक. पहिला तास घसरगुंड्यांचा, म्हणजे ह्यांचा. मी लाटांच्या हौदात. लाटा सतत नसतात. भोंगा वाजतो, मागच्या भिंतीआडून हवेचा दाब पाण्यावर पडतो, काही मिनिटं समुद्र होतो आणि पुन्हा तळं. बारा-साडेबाराला जेवण, मग झाडाखालची लांब खुर्ची. चारनंतर लेझी रिव्हर. कमरेएवढ्या पाण्याचा वळणावळणाचा पाट, त्यात रबरी ट्यूबवर बसायचं आणि पाणी नेईल तिकडं जायचं.

या पाटासाठीच मी कार्डाचे पैसे देते. घरी आम्ही दोघं समोरासमोर बसलो की बोलणं गॅस सिलिंडर आणि मुलाच्या फोनवर येतं. तिथं ह्यांची ट्यूब पुढे जाते, माझी मागे राहते, वळणावर भेट होते, दोन वाक्यं होतात, पुन्हा लांब. एकदा हे चक्क झोपले. ‘अहो, घोरू नका, लोक बघताहेत,’ म्हटलं तर डोळे न उघडता म्हणाले, ‘पंप बघ, हेड काहीच नाही, पाणी उंच चढवायचं नाही, नुसतं ढकलतोय. असा पंप कोराडीत असता तर आयुष्य सुखात गेलं असतं.’ शनिवारच्या गर्दीत ट्यूबवर ट्यूब आपटते आणि यातलं काहीही होत नाही. कार्डाबाहेरचं तिकीट काढून एकदा पाहुण्यांना शनिवारी नेलं होतं, म्हणून सांगते.

आता ऋतू. नोव्हेंबरमध्ये दिवस छान, पण पाणी गार व्हायला लागतं. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरतो आणि हौद दुपारपर्यंत तापत नाहीत. त्यात हे दिवस शाळांच्या सहलींचे. अकराच्या पुढे बसगाड्या येतात आणि शिट्ट्या सुरू होतात. मी स्वतः शाळेत विज्ञान शिकवलंय, शिटी फुंकून घसा आणि डोकं दोन्ही बसवून घेतलंय, त्यामुळे सहलीच्या बाईंकडे बघून मला आपलं सुटल्यासारखं, हलकं वाटतं. थंडीत पाण्याचा नाद सोडा, पाळणे आणि हिरवळ धरा. फेब्रुवारी आणि मार्चचा पहिला पंधरवडा सगळ्यात उत्तम. ऊन सोसतं, परीक्षांमुळे पोरं नाहीत, पाणी अंगाला बरं लागतं.

एप्रिलपासून कार्डाची खरी परीक्षा. लोकांना वाटतं पारा पंचेचाळिसाला भिडला म्हणजे वॉटर पार्क. पाण्यात ठीक आहे हो, पण एका हौदातून दुसऱ्यात जायचं कसं? फरशी अशी तापते की माणसं नाचत चालतात, आणि बऱ्याच ठिकाणी चपला घालू देत नाहीत. उथळ हौदांचं पाणी तीन वाजता कोमट होतं. मे महिन्यात आम्ही दुपारी जेवून निघतो आणि चार ते बंद होईपर्यंत थांबतो. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, गेलोच नाही. जूनमध्ये ढग आले की बरं वाटतं, पण वीज कडाडली की सगळ्यांना पाण्यातून काढतात आणि राइड थांबवतात. यावर काउंटरशी भांडणारे लोक मी बघितले. विदर्भात दर पावसाळ्यात वीज पडून माणसं जातात, तेव्हा भांडू नका, भजी खा.

जुलै-ऑगस्ट मला सर्वांत आवडले, आणि हे कुठल्याही जाहिरातीत नाही. पार्क जवळजवळ रिकामा. खोल्यांसमोरच्या पडवीत खुर्च्या टाकून समोर कोसळणारा पाऊस बघायचा. लाटांचा हौद या काळात दुरुस्तीला काढला होता, त्याची भरपाई मिळाली नाही. मोठा पाळणा वाऱ्यामुळे अधूनमधून बंद. तरी चालतं, पण पाण्यात खेळायलाच घेतलं असेल तर पावसाळा वजा धरून हिशेब करा.

राइडबद्दल थोडं. मधल्या वारी रांगा नसतात, पण पुरेशी माणसं जमल्याशिवाय राइड सुटत नाही. मोठ्या पाळण्याला तर आम्ही दोघं चढलो तरी चालवणारा ढिम्म. ‘काकू, समोरच्या डब्यात वजन पाहिजे न. थांबा थोडं, पोट्टे येऊन राहिले.’ त्याचं बरोबर होतं, भार एका बाजूला आला की चाकावर ताण पडतो. पोट्टे आले, त्यातला सगळ्यात जाडा आमच्या समोर बसवला आणि चाक फिरलं.

रोलर कोस्टरला रक्तदाब, पाठीचं दुखणं असणाऱ्यांना मनाई आहे. माझी गोळी चालू, म्हणून मी खाली. हे दोनदा बसले. सगळे पहिल्या डब्यासाठी धडपडतात. मी ह्यांना शेवटच्यात बसवलं. पहिला डबा चढाचं टोक हळूच ओलांडतो आणि मागचं वजन त्याला धरून ठेवतं. शेवटचा डबा टोकावर येईपर्यंत बाकी गाडी उतारावर सुटलेली असते, ती त्याला ओढून नेते, त्यामुळे बुड खुर्चीवरून उचलल्यासारखं वाटतं. चढताना येणारा टकटक आवाज बिघाडाचा नसून गाडी मागे घसरू नये म्हणून लावलेल्या दातांचा असतो, हे मी खालून ओरडून सांगत होते. उतरल्यावर म्हणाले, ऐकू आलं नाही.

जेवण हा कमकुवत भाग. सवलत धरूनही बुफे महाग आणि बेचव, पनीर, नूडल्स, एक गोड. साध्या थाळीचं वेगळं काउंटर मागच्या बाजूला आहे, पाटी लहान आहे, विचारा. वरण-भात, भाजी, पोळी गरम मिळते. बाहेरचं अन्न आत नेऊ देत नाहीत. त्यावरून आमचा एकच खटका उडाला. आंबिया बहाराची संत्री रस्त्याच्या कडेला ढिगानं विकत होती, आम्ही अर्धा डझन घेतली, ती फाटकावर अडवली. नागपुरात! ज्या फळाला २०१४ साली जीआय मानांकन मिळालं ते बाहेर ठेवायचं, आणि आत संत्र्याच्या चित्राची, भरपूर साखर घातलेली बाटली विकत घ्यायची. ह्यांना मधुमेह आहे, डॉक्टरांचा कागद दाखवल्यावर पुढच्या वेळेपासून फळं सोडतात. तुम्हीही कागद ठेवा. त्या दिवशीची संत्री सुरक्षारक्षकानं आणि आम्ही फाटकाबाहेर उभं राहून संपवली.

दिवसापुरती खोली घेऊ नका. कागदावर सवलत मोठी दिसते, पण खोली अकराला देतात आणि पाचला मागतात. त्यात एसी थंड होईपर्यंत तासभर जातो. लॉकर पुरेसा आहे. लॉकरची अनामत रोख घेतात, पावती ओली झाली की परत देताना कुरकुर करतात, म्हणून पावतीचा फोटो काढून ठेवा. ट्यूबा जुन्या झाल्यात, झडपेचं टोक पाठीला टोचतं, बसायच्या आधी फिरवून बघा.

मुलगा पुण्याला आहे, त्यानं आम्हाला खोपोलीजवळच्या इमॅजिकाला नेलं होतं. ती राइडची जागा आहे आणि तिच्यापुढे आमचा कोस्टर म्हणजे पोरखेळ. हैदराबादची रामोजी फिल्म सिटीही बघितली, १९९६ पासून चालू आहे, अवाढव्य आहे, पण तिथं बस पकडण्यात दिवस गेला. दोन्हीकडे आम्ही तिकीट वसूल करत धावत होतो. कार्डाचा फायदा हाच की काही राहिलं तर राहू दे म्हणता येतं, पुढच्या बुधवारी येऊ.

नूतनीकरण करतोय, फक्त प्रवेशाचं. फोनवर पहिल्यांदा सांगितलेला आकडा मान्य करू नका. मागच्या वर्षीचा दर मागितला तर थोडी खळखळ करून देतात, लाटांच्या हौदाच्या तक्रारीची आठवण करून दिली तर लवकर देतात. अर्जात सूचनांचा रकाना आहे. ह्यांनी तिथं लिहिलं, ‘क्लोरीनची रोजची नोंद फाटकावर लावावी.’ खाली जागा उरली होती, मी संत्र्यांचं लिहिलं.