एएमएलवर (अॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, रक्ताचा एक कर्करोग) थिसिस करायचाय, सीडी५६ घ्यावा की सीडी४४?

पुण्यात पॅथॉलॉजीला एमडी करणाऱ्या ज्युनिअर्सचं सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) द्यायच्या दिवसांत हेच चाललेलं असतं, अॅडहीजन मॉलिक्यूल्सवर, म्हणजे पेशींना चिकटायला मदत करणाऱ्या पृष्ठभागावरच्या प्रोटीन्सवर, काम करायचं हे ठरलंय पण नेमका कुठला मार्कर घ्यायचा ते ठरत नाही. माझं मत आधीच सांगते, हातात रोजचं फ्लो सायटोमेट्रीचं पॅनल (पेशींवरचे मार्कर बघायची तपासणी) आणि एमडीचीच मुदत असेल तर सीडी५६ घ्या.

सीडी५६ म्हणजे एनकॅम. नॉर्मल ब्लास्टवर (अपरिपक्व रक्तपेशींवर) तो सहसा नसतो, त्यामुळे आहे की नाही एवढाच सरळ प्रश्न उरतो. सीडी४५ (पांढऱ्या पेशींचा मार्कर) आणि साइड स्कॅटरच्या (पेशीच्या दाणेदारपणाच्या) प्लॉटवर मंद सीडी४५ वाले ब्लास्ट गेट करायचे, म्हणजे वेगळे निवडायचे, आणि त्याच ट्यूबमधल्या एनके सेल्स (नॅचरल किलर पेशी) पॉझिटिव्ह दिसतायत ना ते बघायचं, कंट्रोल आयताच मिळतो. शिवाय ८;२१ ट्रान्सलोकेशनच्या (८ आणि २१ क्रोमोसोमच्या तुकड्यांची अदलाबदल) केसेसमध्ये सीडी१९ सोबत हा बऱ्याचदा दिसतो, आणि त्या गटात तसंच एपीएलमध्येही (एएमएलचा प्रोमायलोसाइटिक प्रकार) सीडी५६ पॉझिटिव्ह पेशंटना रिलॅप्स जास्त होतो असं बऱ्याच अभ्यासांत आलंय. पण जपून, जीसीएसएफ (पांढऱ्या पेशी वाढवणारं औषध) दिल्यावर किंवा मॅरो (अस्थिमज्जा) रिकव्हर होताना चांगल्या मोनोसाइट्सवरही तो येतो, तेव्हा एकट्या सीडी५६ वर एमआरडी (उपचारानंतर उरलेला आजार) म्हणू नका.

सीडी४४ चं बायोलॉजी मात्र खरंच सुंदर आहे. हा हायलुरोनिक अॅसिडला धरतो, आणि २००६ मध्ये टोरांटोच्या ग्रुपने दाखवलं की त्याच्यावर अँटिबॉडी दिली की उंदरांमध्ये ल्युकेमियाच्या स्टेम सेल्स मॅरोत नीट रुजतच नाहीत. वाचून कुणालाही वाटेल हेच करावं. अडचण अशी की तो लिंफोसाइट्स, मोनोसाइट्स, नॉर्मल स्टेम सेल्स सगळ्यांवर असतो, म्हणजे किती आहे हे मोजावं लागतं, आणि मग व्होल्टेज बदललं, अँटिबॉडीचा लॉट बदलला, सोलापूरहून आलेलं सँपल दुसऱ्या दिवशी लावलं की तुमचे एमएफआयचे (मार्करची चमक किती ते सांगणारे) आकडे एकमेकांशी जुळवणार कसे? रिसर्च लॅबची साथ असेल तरच यात पडा.

सीडी४९डी, म्हणजे व्हीएलए-४ या अॅडहीजन मॉलिक्यूलची अल्फा साखळी, याचं तर अजून भांडणच मिटलेलं नाही. २००३ मध्ये जपानी ग्रुपने म्हटलं की पॉझिटिव्ह असेल तर रिलॅप्स जास्त, आणि २००९ मध्ये अमेरिकेतून आलं की व्हीकॅम-१ ला (व्हीएलए-४ ज्याला धरतो ते प्रोटीन) नीट चिकटणाऱ्या ब्लास्टवाले पेशंट जास्त जगतात. नुसतं असणं वेगळं आणि काम करणं वेगळं, ते दुसरं साध्या पॅनलमध्ये कळतच नाही.

सीडी११बी पॅनलमध्ये असतोच, एपीएलमध्ये बहुधा निगेटिव्ह, मोनोसाइटिकमध्ये बऱ्याचदा पॉझिटिव्ह, तेवढा सोबत नोंदवा.

आणि सीडी५६ ठरलाच तर कॅरिओटाइपसाठी (क्रोमोसोमची तपासणी) हिरव्या झाकणाची हेपॅरिन ट्यूब पहिल्याच मॅरोला घ्यायला लावा, केमो सुरू झाल्यावर ती मागून उपयोग नाही, आणि ट्रान्सलोकेशन माहीत नसेल तर सीडी५६ चा अर्थ लावता येत नाही.